घरपोच किराण्याची फेरी: दापोली–हर्णै पट्ट्यातले एक प्रकरण

रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोलीच्या बाजारपेठेतले एक जुने किराणा दुकान. बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे आलेले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा या दुकानाने व्हॉट्सॲपवर याद्या घ्यायला आणि माल घरी पोचवायला सुरुवात केली. पुढे नातवाने फोनवर माल बघून ऑर्डर देता येईल असे साधे ॲप करून घेतले. विक्री वाढली. गिऱ्हाईक खूश होते. पण महिनाअखेरीला वही मांडली की घरपोचच्या विक्रीतून हाती काही राहिलेले नसायचे, उलट काउंटरवर कमावलेले त्यात जिरायचे.

मी या भागातल्या लहान दुकानांचे हिशेब बघतो. हे प्रकरण सविस्तर लिहावेसे वाटले, कारण अशीच सुरुवात करून वर्ष-दोन वर्षांत गुपचूप बंद केलेल्या घरपोच सेवा या किनाऱ्यावर बऱ्याच आहेत, आणि ती बंद झाली की पहिला त्रास वाडीत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना होतो. दुकानाचे नाव देत नाही. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि रकमा हिशेबाला सोप्या जाव्यात म्हणून गोल धरल्या आहेत. वाचणाऱ्याने त्या जागी आपले आकडे घालावेत. हिशेबाची रीत तीच राहील.

सुरुवातीची योजना

योजना शहरातून उचललेली होती. पाचशे रुपयांवर घरपोच मोफत, ऑर्डर कधीही द्या, त्याच दिवशी माल दारात. मुंबईत दहा मिनिटांत दूध-बटाटे येतात, तर आपण निदान दिवसात तरी द्यायला हवे, असा नातवाचा विचार. तो चुकीचा वाटावा असे त्या वेळी काही दिसत नव्हते. दुकानात दोन मोटारसायकली होत्या, कामाला मुले होती, माल होता.

आता एक ऑर्डर घेऊ. हर्णैहून सहाशे रुपयांची. दापोलीहून हर्णै पंधरा-सोळा किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन बत्तीस धरा. पेट्रोल पंचाहत्तर रुपयांचे. मुलाचा दीड तास जातो, तासाला साठ रुपये पडतात असे धरले तर नव्वद. गाडीची झीज किलोमीटरला एक रुपया. एकूण फेरी जवळजवळ दोनशे रुपयांची. त्याआधी दुकानात यादी वाचून माल काढायचा, वजन करायचे, पुड्या बांधायच्या, बिल करायचे, पिशवी भरायची, त्याचे तीस. झाले दोनशे तीस.

आणि सहाशेच्या मालावर सुटते किती? साखर, तेल, तूरडाळ यांत दुकानदाराला फारसे काही राहत नाही. साबण, बिस्किटे, चहा यांत कंपनीने ठरवून दिलेले मार्जिन. मसाला, सुका मेवा, सुटा माल यांत जरा बरे. सगळे मिळून शंभराला बारा धरले तर सहाशेवर बहात्तर. बहात्तर मिळवायला दोनशे तीस खर्च. दुकानाचे भाडे, वीज, उधारीत अडकलेला पैसा यांतले अजून काहीच धरलेले नाही.

एका फेरीत दोन ऑर्डरी नेल्या तरी प्रत्येकीवर अठ्ठावन्न रुपये पदरचे जातात. पाच नेल्या तर कुठे दोन रुपये वर राहतात. पण सहाशे रुपयांचा किराणा म्हणजे आठ-दहा किलो वजन. पाच ऑर्डरी मोटारसायकलवर बसत नाहीत.

दुकानात मात्र चर्चा वेगळीच चालली होती. पेट्रोल महाग झाले, मुले फेरीत वेळ काढतात, रस्ते खराब आहेत. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या, पण पेट्रोल निम्म्या दराने मिळाले असते तरी ऑर्डरमागे सदतीस-अडतीस रुपयेच वाचले असते आणि तोटा तसाच राहिला असता. खर्च ठरतो तो एका फेरीत किती ऑर्डरी पडतात आणि एकेक ऑर्डर किती रुपयांची आहे, यावर. अंतराचा नंबर त्यानंतर लागतो.

दहा मिनिटांचे गणित इथे का बसत नाही

शहरातली झटपट सेवा चालते ती छोट्या बंद गोदामावर. तिथे गिऱ्हाईक येत नाही, फक्त माल काढून देतात, आणि दोन-तीन किलोमीटरच्या परिघातच पोचवतात. २०१३ साली ग्रोफर्स या नावाने सुरू झालेली कंपनी डिसेंबर २०२१ मध्ये ब्लिंकिट झाली ती याच पद्धतीकडे वळताना. झेप्टोही २०२१ साली मुंबईत याच पायावर उभी राहिली.

या पायाखाली आहे लोकवस्तीची दाटी. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला १९७ माणसे होती. मुंबई उपनगर जिल्ह्यात वीस हजारांच्या वर. गोदामाभोवती दोन किलोमीटरचे वर्तुळ काढले तर त्यात साडेबारा चौरस किलोमीटर जागा येते. उपनगरात त्या वर्तुळात अडीच लाख माणसे, रत्नागिरी जिल्ह्याच्या सरासरीने अडीच हजार. हर्णै किंवा दाभोळसारख्या गावठाणात दाटी जास्त असेल, पण मधले डोंगर, कातळ, खाजण आणि बागा धरल्या की पट्ट्याचे चित्र हेच. शंभर पट फरक आहे. डिलिव्हरीच्या मुलाला कितीही पळवले तरी हा फरक भरून निघणार नाही.

त्यात हा जिल्हा रिता होतो आहे. २००१ मध्ये रत्नागिरीची लोकसंख्या १६ लाख ९६ हजार होती, २०११ मध्ये १६ लाख १५ हजार. त्याच जनगणनेत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया. कर्ती माणसे मुंबई-पुण्याला, घरी आई, वडील, सून, लहान मुले. कोकणाला मनीऑर्डरवर चालणारा मुलूख म्हणायचे ते यामुळेच. मनीऑर्डर आता फारशी राहिली नाही, यूपीआय आले, पण पैशाची वाट तीच आहे.

ही वाट दुकानाच्या वहीतही होती, पण कोणी त्या नजरेने वही बघितली नव्हती. आम्ही ऑर्डरी दोन ढिगांत वेगळ्या केल्या. एका ढिगात गावातून आलेल्या लहान याद्या: अर्धा किलो रवा, एक साबण, दोन पुडे बिस्किटे. दुसऱ्या ढिगात विरार, डोंबिवली, दिव्याहून आलेल्या ऑर्डरी. पैसे मुलगा भरतो, माल आईकडे जातो. महिन्यातून एकदा, पगार झाल्यावर, पूर्ण महिन्याचे सामान. सरासरी अडीच हजारांची. आणि या दुसऱ्या ढिगातल्या एकालाही माल त्याच दिवशी नको होता. मंगळवारी मिळेल म्हटले तरी चालणारे, फक्त मंगळवारी नक्की मिळाला पाहिजे.

म्हणजे दुकान ज्या घाईवर पैसे घालवत होते ती घाई त्याच्या सर्वांत चांगल्या गिऱ्हाइकाला नकोच होती. या सबंध प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. वस्ती दाट करणे कोणाच्या हातात नाही. पण विखुरलेल्या ऑर्डरी एका दिवसावर गोळा केल्या तर त्या दिवसापुरती, त्या रस्त्यापुरती दाटी तयार होते. आठवडी बाजार शेकडो वर्षे हेच करत आला आहे: रोजच्या रोज दुकान परवडणार नाही अशा गावात ठरल्या वारी सगळा व्यवहार एकत्र आणायचा.

वार ठरवून फेरी

मोटारसायकलची त्याच दिवशीची सेवा बंद केली. त्याजागी छोटा हत्ती म्हणतात तो लहान मालवाहू टेम्पो घेतला, जुना. मंगळवार: आसूद, सालदुरे, मुरूड, हर्णै, पाजपंढरी, आंजर्ले. गुरुवार: लाडघर, बुरोंडी, कोळथरे, दाभोळ. यादी आदल्या संध्याकाळी सहापर्यंत. सहानंतर आलेली पुढच्या आठवड्याला.

टेम्पोच्या फेरीचा खर्च असा: चालकाचा रोज सहाशे, डिझेल साडेतीनशे, टायर-सर्व्हिस-विम्यापोटी बाजूला टाकायचे अडीचशे. एकूण बाराशे. अडीच हजारांच्या ऑर्डरवर तीनशे सुटतात. माल काढून बांधायला पन्नास जातात, कारण महिन्याच्या यादीत तीस-पस्तीस जिन्नस असतात. राहिले अडीचशे. बाराशेला अडीचशेने भागा: पाच ऑर्डरी झाल्या की फेरी पायावर उभी. ऑर्डर दीड हजारांची असेल तर नऊ-दहा लागतील. सहाशेची असेल तर एकोणतीस. एकोणतीस दारे करून टेम्पो रात्रीच परत येईल.

हा शेवटचा हिशेब नातवाला कागदावर करून दाखवला, तेव्हा पाचशेवर मोफत ही पाटी त्याने स्वतःहून उतरवली. नवे दर असे ठरले: अडीच हजारांच्या वर काही नाही, त्याखाली चाळीस रुपये. चाळीस ऐकून काही गिऱ्हाईक तुटले. ते बहुतेक पहिल्या ढिगातले होते आणि त्यांच्या वाडीत दुकान आहेच. अर्धा किलो रव्यासाठी त्यांनी तिथेच जावे हे बरे. वाडीतले दुकान बंद पडले तर रात्री आठ वाजता मीठ कोण देणार? मोफत म्हणून दिलेली सेवा शेवटी कोणाच्या तरी खिशातून जात असते. इथे ती काउंटरवर येऊन पिशवी स्वतः उचलून नेणाऱ्या माणसाच्या पैशातून जात होती.

पर्यटनाचा धंदा करणारे वेगळे. मुरूड, कर्दे इथल्या घरगुती निवासवाल्यांना शुक्रवारी संध्याकाळी पाहुणे येतात आणि तेव्हाच पनीर, तेल, अंडी आठवतात. त्यांच्यासाठी तातडीची फेरी ठेवली, दीडशे रुपये वेगळे घेऊन. ते कुरकुर न करता देतात, कारण त्यांची निकड खरी आहे आणि ती त्यांच्या बिलात बसते.

पाखाडी

वार ठरले तरी पहिल्या काही फेऱ्या संध्याकाळपर्यंत लांबल्या. कारण रस्त्यावर नव्हते, रस्ता संपतो तिथून पुढे होते. इथली घरे डांबरी रस्त्याला लागून नसतात. टेम्पो नाक्यावर उभा राहतो, तिथून जांभ्या दगडाची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, वर चढते किंवा खाली माडांच्या बागेत उतरते, आणि त्या टोकाला घर. पस्तीस किलोचे सामान, दोन खेपा, वर पोचल्यावर पाणी विचारतात, सामान मोजून घेतात, मुलाला फोन लावून झाला म्हणून सांगतात. एका दाराला वीस मिनिटे सहज. बारा दारे म्हणजे चार तास, आणि टेम्पो चालवण्याचे दोन तास वेगळे.

उपाय वाडीतच होता. चार ठिकाणी माल उतरवायची जागा ठरवली: एके ठिकाणी चहाची टपरी, एके ठिकाणी पिठाची गिरणी, दोन ठिकाणी महिला बचत गटातल्या वहिनी, ज्यांचे घर रस्त्यालगत आहे. टेम्पो तिथे क्रेट उतरवतो, पंधरा मिनिटांत पुढे. ऑर्डरमागे जागेवाल्याला पंचवीस रुपये. ज्याला जमते तो येऊन नेतो. ज्या घरी म्हातारे माणूस एकटे आहे तिथे वाडीतला कोणी तरी सामान पोचवतो, त्याचे वीस रुपये मुलगा मुंबईहून ऑर्डरबरोबरच भरतो.

फेरी सहा तासांवरून तीन तासांवर आली. दुपारी टेम्पो मोकळा झाला आणि तो खेडला एजन्सीचा माल आणायला जाऊ लागला. त्यासाठी आधी भाड्याचा टेम्पो लागायचा. चालकाचा अर्धा रोज खेडच्या खात्यावर गेला, म्हणून घरपोच फेरीचा खर्च बाराशेवरून नऊशेवर उतरला. जागेवाल्याचे पंचवीस वजा करूनही आता चार ऑर्डरींत फेरी भागते. मंगळवारच्या फेरीत साधारण दहा मोठ्या ऑर्डरी असतात, वर चाळीसवाल्या दोन-चार. जागेवाल्यांमुळे आणखी एक फायदा झाला जो आम्ही धरलाच नव्हता: घर बंद म्हणून माल परत येणे थांबले. परत आलेली ऑर्डर ही सर्वांत महाग असते. तिचा जायचा खर्च झालेला, यायचा खर्च झालेला, आणि माल पुन्हा फळीवर लावायची मजुरी वर.

पिशव्यांचेही सांगायला हवे. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, आणि पावसात कागदी पिशवीचा पाखाडीवर लगदा होतो. म्हणून कापडी पिशव्या, त्यावर घराचे नाव, आणि पुढच्या फेरीला त्या परत. जून ते सप्टेंबर रवा, साखर, पापड यांना आतून वेगळे वेष्टन आणि क्रेटवर ताडपत्री. ऑर्डरमागे चार-पाच रुपये वाढतात, पण ओला रवा बदलून देण्यापेक्षा हे स्वस्त.

फोन दोन, गिऱ्हाईक एक

माल काढण्यातला सर्वांत महाग क्षण कोणता? यादीतला जिन्नस संपलेला असतो तो. ॲपमध्ये दिसतो, फळीवर नाही. मग विचारायचे कोणाला? पैसे भरणारा विरार लोकलमध्ये उभा, त्याला फोन लागत नाही. खाणारी हर्णैत. मुलाने सुरती कोलम लिहिलेला असतो आणि आईला उकडा हवा असतो. तो बदलून पाठवला तर दुकान मुलाच्या दृष्टीने चुकते, न बदलला तर आईच्या.

दुकानातल्या माल काढणाऱ्या बाईंनी यावर जो नियम बसवला तो मला फार आवडला. सुटा माल आणि चवीचा माल, म्हणजे तांदूळ, कुळीथ, गूळ, मसाला, यांत आईचा शब्द. फोन करून सरळ विचारायचे: ‘काकी, कुळीथ या वेळी बारीक आलेत, चालतील ना?’ रकमेत मुलाचा शब्द: ऑर्डर त्याने ठरवलेल्या आकड्याच्या शंभर रुपये वर गेली तरच त्याला संदेश. फोनमध्ये वेळ जातो, पण त्या दोन मिनिटांत आईची चौकशीही होते, आणि ती कधी कधी मुलापर्यंत पोचवली जाते. एकदा आवाज वेगळा वाटला म्हणून बाईंनी मुलाला कळवले होते. हा खर्च कोणत्या रकान्यात लिहायचा हे मला ठरवता आलेले नाही, आणि तो कमी करा असे मी सांगणार नाही.

त्याचबरोबर ॲपवरचा माल छाटला. आधी दुकानातले सगळेच चढवले होते, हजारोंनी. इथे माल येतो तो लांबून: वाशीच्या बाजारातून, पश्चिम महाराष्ट्रातून कुंभार्ली घाट उतरून, कंपन्यांचा माल खेड-चिपळूणच्या एजन्सीकडून. आठवड्याला एकदाच येणाऱ्या जिनसांचा साठा फोनवर रोज खरा दाखवणे अशक्य. नेहमी असणारे तीनशेच्या आसपास जिन्नस ठेवले, बाकीचे यादीत लिहून मागता येतात. संपलेल्या मालाचे फोन निम्म्याहून कमी झाले.

हर्णैत गोदाम घ्यायचे का

मंगळवारची फेरी बसली तेव्हा एका सल्लागाराने हर्णैत गाळा घ्यायला सुचवले. तिथेच माल ठेवा, तिथूनच पोचवा, टेम्पो कशाला. ऐकायला पटते. गाळ्याचे भाडे सहा हजार, एका माणसाचा पगार बारा, वीज-बिज हजार: महिन्याला एकोणीस हजार. तिथून ऑर्डर पोचवायला तीसच रुपये लागतील असे धरले, तर अडीचशेतून दोनशे वीस राहतात. एकोणीस हजार भरून काढायला महिन्याला सत्त्याऐंशी मोठ्या ऑर्डरी हव्यात. येतात चाळीस-पंचेचाळीस. शिवाय दुसऱ्यांदा भरलेल्या मालात तीनेक लाख अडकणार, आणि एका ठिकाणी संपलेला जिन्नस दुसऱ्या ठिकाणी पडून राहणार.

याचा मोठा दाखला अमेरिकेतला आहे. वेबव्हॅन या कंपनीने जून १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात किराणा पोचवायला सुरुवात केली, आणि मागणी किती आहे ते कळायच्या आतच देशभर सव्वीस स्वयंचलित गोदामे बांधण्यासाठी सुमारे एक अब्ज डॉलरचा करार केला. जुलै २००१ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. गोदामे पूर्ण क्षमतेने चालली तर स्वस्त पडणार होती. ती तशी चाललीच नाहीत. ब्रिटनमध्ये टेस्कोने त्याच सुमारास उलटे केले. असलेल्या दुकानांतच माणसे लावली, त्यांनी फळ्यांवरून माल काढला, गाड्यांनी पोचवला. ऑर्डरमागे मजुरी जास्त पडत होती, पण ऑर्डरी नसल्या तर बुडणारे फार काही नव्हते. वेगळे गोदाम टेस्कोनेही काढले, पण मागणी भरपूर वाढल्यावर, मोठ्या शहराजवळ.

दापोलीच्या दुकानाने गाळा घेतला नाही. मला हा निर्णय शंभर टक्के बरोबर वाटतो. मागणी येण्याआधी उभा केलेला कायमचा खर्च हा लहान दुकानाला उधारीपेक्षाही लवकर बुडवतो.

केळशी

आंजर्ल्याच्या पुढे पाडले, आडे आणि मग केळशी. तिथून दोन-तीन ऑर्डरी यायच्या. सुरुवातीला पिशव्या संध्याकाळच्या वस्तीच्या एसटीने जायच्या. स्वस्त आणि खात्रीचे. २०२१ च्या शेवटी एसटीचा संप लागला तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला, आणि ती सोय बंद झाली. टेम्पो पुढे न्यायचा तर डिझेल, चालकाचे दोन तास आणि झीज मिळून सव्वाचारशे-साडेचारशे रुपये. तीन ऑर्डरी असतील तर ऑर्डरमागे शंभर रुपये हाती राहतात, दोन असतील तर तीसच. आणि दुपारची खेडची फेरी बुडते ती वेगळी.

शेवटी केळशीतल्याच एका दुकानदाराशी बोलणे केले. मुंबईहून ऑर्डर आणि पैसे दापोलीच्या ॲपवर येतात, यादी केळशीला जाते, माल तिथल्या फळीवरून निघतो. शंभराला तीन रुपये दापोलीकडे, बाकीचे केळशीकडे. अडीच हजारांवर दापोलीला पंचाहत्तर मिळतात, गाडी न हलवता. केळशीच्या दुकानदाराला ज्या मुलाची आई रोज समोरून जाते त्याचा महिन्याचा व्यवहार मिळाला, जो आधी त्याच्या हातून निसटला होता. दोन गोष्टींवरून वाद झाले: भावातला फरक आणि जिनसांचा दर्जा. भाव आता केळशीचाच दाखवतात. दर्जाचे अजून पुरते बसलेले नाही.

माझ्या मते या किनाऱ्यावर पुढचा रस्ता हाच आहे. माल जिथे आधीच आहे तिथून द्यावा. गावोगावच्या दुकानांच्या फळ्या ही आधीच बांधून ठेवलेली गोदामे आहेत आणि त्यांचे भाडे कोणी तरी आधीच भरतो आहे. दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला उतरून गुहागरकडच्या ऑर्डरी घेण्याचा विचार होता, तोही याच कारणाने सोडला. बोटीचे भाडे आणि वाट बघणे धरून तो टेम्पोला परवडत नाही. तिकडचा दुकानदार जोडीला मिळाला तर परवडेल.

वर्षाचे चढउतार

वरचा सगळा हिशेब सरासरी महिन्याचा आहे, आणि कोकणात सरासरी महिना असा फार कमी असतो. गणपतीच्या आधी चाकरमानी यायला लागले की ऑर्डरी अनेक पटींनी वाढतात, नेमक्या त्याच दिवसांत महामार्ग गाड्यांनी भरलेला असतो आणि एजन्सीचा माल अडकतो. म्हणून साखर, तेल, रवा, गूळ नारळी पौर्णिमेच्या आधीच भरून ठेवावे लागते. वारांची शिस्त त्या दहा दिवसांत मोडते. रोज फेरी करावी लागते आणि रोज टेम्पो भरतोही. शिमग्याला हेच, जरा कमी.

जून-जुलैत उलट. मासेमारी बंद असते, हर्णै-पाजपंढरीच्या घरांत रोकड नसते, आणि ॲपवर आधी पैसे भरा म्हटले की ती घरे बाहेर पडतात. वर्षानुवर्षे ही घरे बोटी पुन्हा लागेपर्यंत वहीवर माल नेत आली आहेत आणि पुढे फेडत आली आहेत. दुकानाने ॲपमध्येच त्यांच्यासाठी वहीचे खाते उघडले, माणूस बघून मर्यादा ठरवली. पैसा दोन महिने अडकतो, त्याचे व्याज फेरीच्या खर्चात धरायला मी लावले आहे. धरले तरी हे करायलाच हवे.

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला आले तेव्हा विजेचे खांब, मोबाइलचे मनोरे, सगळे आडवे झाले आणि फोनवरची ऑर्डर ही गोष्टच उरली नाही. तेव्हापासून दर फेरीची यादी आणि घरांची नावे कागदावर छापून दुकानात ठेवतात. कोणत्या घरी कोण एकटे आहे, कोणाला किती तांदूळ लागतो, हे त्या कागदावरून फोनशिवायही कळते.

सध्या प्रश्न आहे तो गुरुवारच्या फेरीचा. बुरोंडी–दाभोळ बाजूला मोठ्या ऑर्डरी चारच्या आसपास घुटमळतात, कधी तीनच. खर्च जेमतेम निघतो. नातू म्हणतो फेरी पंधरवड्याने करावी, म्हणजे सात-आठ होतील. आजोबांचे म्हणणे, वार एकदा चुकला की माणसे दुसरीकडे वळतात. मी तिसरे सुचवले आहे: कोळथऱ्यापर्यंत टेम्पो दर गुरुवारी, आणि दाभोळसाठी केळशीसारखा तिथलाच दुकानदार. दाभोळच्या दोन दुकानदारांशी बोलणे चालू आहे. त्यातला एक तीनऐवजी दोन टक्के म्हणतो आहे.